एक्याऐंशी पाकळ्या

फुलांचे चित्र म्हटले की आपल्याला दिवाणखान्याची शोभा आठवते. भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून ते टांगावे आणि मग त्याच्याकडे पाहायचेच विसरून जावे! उत्तर चीनमधील लोकांनी मात्र फुलांच्या चित्राला एक काम नेमून दिले होते, हिवाळा मोजण्याचे.

त्यांचा हिशेब असा. दक्षिणायन संपते त्या दिवसापासून, म्हणजे डिसेंबरच्या २१ वा २२ तारखेपासून, नऊ-नऊ दिवसांची नऊ आवर्तने धरायची. एक्याऐंशी दिवस भरले की थंडी सरली. दिवस मोठा होऊ लागतो तो याच वेळी. पण खरा कडाका येतो त्यानंतर, तिसऱ्या आणि चौथ्या नवकात. उजेड वाढतो आहे असे पंचांग सांगते आणि अंगाला ते पटत नाही. अशा दिवसांत माणसाने धीर धरावा तो कशाच्या आधारावर?

१६३५ साली लिउ तुंग आणि यू यीचंग यांनी पेकिंग नगरीचे वर्णन करणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. कागदावर मेइ फुलांची बिनरंगी फांदी काढायची, तिच्या पाकळ्या एकूण एक्याऐंशी, आणि रोज एकच पाकळी रंगवायची. ज्यांना फांदी काढता येत नसे त्यांचीही सोय होती. नऊ झुपके आणि प्रत्येकात नऊ वर्तुळे असलेले कागद लाकडी ठशांवर छापून बाजारात विकत, सोबत नवकांचे गाणेही असे. म्हणजे हा केवळ चित्रकारांचा वा श्रीमंतांचा छंद राहिला नव्हता.

चाल याहूनही जुनी. युआन काळातील यांग युन्फू या कवीने ती चौदाव्या शतकात नोंदली आहे. तेथे फांदी खिडकीला चिकटवलेली आहे आणि घरातल्या स्त्रिया सकाळी साजशृंगार करताना गालाच्या लालीनेच रोज एक वर्तुळ भरतात. सगळी भरली की मेइचा जर्दाळू होतो, असे तो म्हणतो.

या शेवटच्या शब्दांपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. लालीने पांढरे फूल गुलाबी होते, एवढाच त्याचा अर्थ नसावा. मेइ हे मुळात दक्षिणेकडचे झाड. ऐन थंडीत फुलते म्हणून चिनी कवींनी त्याला डोक्यावर घेतले. पण पेकिंगकडचा हिवाळा त्याला उघड्यावर सहज सोसत नाही. जर्दाळू मात्र उत्तरेत घरचा. तेव्हा त्या बायका मोजत होत्या ते अंगणात नसलेल्या फुलावर, आणि मोजणी संपे ती अंगणात फुलणाऱ्या फुलाच्या वेळी. चित्राची खरी गरज अशाच ठिकाणी असते, असे मला वाटते.

तथापि या चित्राने दिलेले वचन फार मोठे नव्हते. तो ग्रंथ निघाल्यानंतरच्या वर्षांत उत्तर चीन दुष्काळाने आणि बंडाळीने होरपळून निघाला. १६४३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या एक्याऐंशी पाकळ्या १६४४ च्या मार्चच्या मध्याआधीच भरल्या असतील. एप्रिलमध्ये ली त्झछंगच्या फौजा पेकिंगात शिरल्या आणि मिंग बादशहा छुंगचन याने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. वसंत ठरल्याप्रमाणे आला. राज्य मात्र राहिले नाही.

चाल राहिली. मांचूंच्या छिंग राजवटीत ती राजवाड्यातही रुजली. नऊ रेघांचे एक, अशी नऊ अक्षरे पोकळ काढून रोज एक रेघ भरण्याचा प्रकार दाओग्वांग बादशहाच्या नावावर सांगतात. विद्वान मंडळी नवकानवकाला एकत्र जमून मद्य आणि काव्य यांत थंडी घालवीत. आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पेकिंगचे सणवार लिहून ठेवणारा दुनचुंग सांगतो की वर्तुळ भरण्याचीही रीत ठरलेली होती: आभाळ असेल तर वरचा भाग, ऊन असेल तर खालचा, वारा डावीकडे, पाऊस उजवीकडे, आणि बर्फ पडला तर मधोमध.

फाल्गुनाच्या सुमारास असा एखादा कागद खिडकीवरून उतरवताना घरच्यांनी तो न्याहाळला असेल. अमक्या दिवशी बर्फ होता, तमक्या दिवशी ऊन पडले होते. आणि त्या प्रत्येक दिवशी सकाळी उठून कोणीतरी कुंचला हाती घेतला होता.