न दिसणारा शड्डू : व्हिडिओ गेमच्या आखाड्यातील देहबोलीचा इतिहास

१/
सन २००४. कॅलिफोर्नियातील पोमोना येथील विद्यापीठाच्या आवारात 'इव्हो' ही लढतीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ऐन रंगात आली होती. पडद्यावर 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला जपानच्या दाइगो उमेहाराचा केन, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कच्या जस्टिन वाँगची चुन-ली. केनची प्राणशक्ती केसभर उरली होती. पुढच्या काही सेकंदांत जे घडले, ते या खेळाच्या इतिहासातील सर्वाधिक पाहिले गेलेले दृश्य ठरले. ते समजून घ्यायचे, तर आधी एका प्रश्नाकडे वळावे लागते : लढत पडद्यावर चालते, मग खेळाडूच्या शरीराला महत्त्व कशासाठी?

२/
कुस्तीच्या आखाड्यात पहिलवान मांडीवर हात मारून शड्डू ठोकतो. त्या आवाजाने प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला धक्काही लागत नाही. तरीही कुस्ती तिथूनच सुरू होते. ज्याच्या चेहऱ्यावर धाकधूक दिसली, त्याने पहिला डाव लागण्याआधीच काही गमावलेले असते. व्हिडिओ गेमच्या खेळाडूंनीही आपापला शड्डू शोधला. तो कसा असावा, हे मात्र एका अगदी साध्या गोष्टीने ठरवले : प्रतिस्पर्धी तुम्हाला पाहू शकतो की नाही.

३/
१९९१ मध्ये कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि आर्केडचा चेहरामोहरा बदलला. आतापर्यंत खेळाडू प्रामुख्याने यंत्राशी किंवा गुणफलकावरच्या आकड्याशी झुंजत असे. आता समोरासमोरची झुंज हेच मुख्य आकर्षण झाले. अमेरिकेत एकाच यंत्रापुढे दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहत. पुढचा आव्हानवीर यंत्राच्या कडेवर नाणे ठेवून आपली पाळी जाहीर करी. हरणारा बाजूला होई, जिंकणारा जागा राखी, आणि पाठीमागे बघ्यांचा घोळका उभा असे.

४/
या रचनेत शरीर लपवणे अशक्य होते. शेजाऱ्याचा श्वास ऐकू येई, कोपर लागे, घाईने दाबलेल्या बटणांचा खडखडाट कानी पडे. नजर किंचित वळवली की त्याचा हात दिसे. घाबरलेला हात दांडी घट्ट आवळतो, हे सराईत खेळाडू सहज ओळखत. त्यामुळे मोठ्याने बोलणे, हसणे, प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर मान हलवणे हा अमेरिकी आर्केडच्या खेळाचाच भाग बनला. न्यूयॉर्कच्या चायनाटाउन फेअर या आर्केडमध्ये घडलेला जस्टिन वाँग याच वातावरणाचा वारसदार होता.

५/
जपानमध्ये चित्र वेगळे झाले. तिथे लवकरच दोन यंत्रे पाठीला पाठ लावून जोडण्याची पद्धत रूढ झाली. एक खेळाडू अलीकडे बसे, दुसरा पलीकडे. मधल्या यंत्रांच्या भिंतीमुळे प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत नसे. कित्येकदा आपण कोणाशी लढतो आहोत, हेही कळत नसे. अनोळखी माणसाला संकोच न बाळगता आव्हान देण्याची सोय त्यातून झाली. शरीर दृष्टिआड झाले आणि आत्मविश्वास दाखवण्याचे एकच साधन उरले : पडद्यावरचे पात्र.

६/
ते पात्र पुढे सरकते की मागे हटते, किती अंतर राखून उभे राहते, फसव्या हालचालीला बिचकते की जागचे ढळत नाही, हीच आता देहबोली झाली. निष्कारण मारलेली उडी ही घाबरल्याची कबुली ठरू लागली. एक पाऊल पुढे टाकून शांतपणे थांबणे हे आव्हान ठरू लागले. प्रतिस्पर्ध्याचे मन वाचण्यासाठी त्याचा चेहरा लागत नाही, हा धडा जपानी खेळाडूंच्या एका पिढीने भिंतीआडून गिरवला.

७/
गेम बनवणाऱ्यांनाही हे मर्म उमगले होते. १९९२ मध्ये एसएनके कंपनीने 'आर्ट ऑफ फायटिंग'मध्ये डिवचण्यासाठी स्वतंत्र बटण दिले. पात्राने प्रतिस्पर्ध्याला खिजवले की त्याची विशेष डावांसाठी लागणारी शक्ती प्रत्यक्ष घटत असे. आखाड्यातला शड्डू इथे थेट नियमावलीत येऊन बसला. पोकळ दिमाखाची खिल्लीही लगेच उडाली. कॅपकॉमने डॅन हे विनोदी पात्र आणले आणि 'स्ट्रीट फायटर अल्फा टू'मध्ये त्याला एक महाडाव दिला. साठवलेली शक्ती खर्चून डॅन काय करतो? तऱ्हेतऱ्हेचे हावभाव करून नुसता डिवचत राहतो. प्रतिस्पर्ध्याला ओरखडाही उमटत नाही.

८/
हे दोन संस्कार २००४ च्या इव्होमध्ये एकमेकांसमोर आले. ही स्पर्धा १९९६ मध्ये 'बॅटल बाय द बे' या नावाने आर्केड यंत्रांवर सुरू झाली होती. २००४ मध्ये आयोजकांनी यंत्रे बाजूला सारून घरगुती कन्सोलचा स्वीकार केला. जपानी खेळाडूला आडोसा देणारी भिंत इथे नव्हती. सभोवती बहुसंख्येने अमेरिकी प्रेक्षक, आणि त्यांच्या आरोळ्या प्रामुख्याने जस्टिनसाठी. अठरा वर्षांचा जस्टिन शांतपणे अंतर राखून खेळत होता. तेवीस वर्षांच्या दाइगोकडे चूक करण्याइतकीही प्राणशक्ती उरली नव्हती.

९/
दाइगोची अडचण नीट समजून घ्यायला हवी. या खेळात दांडी मागे ओढली की पात्र वार अडवते. पण विशेष डाव अडवला तरी थोडी प्राणशक्ती झिजतेच. केनकडे तेवढीही नव्हती. म्हणजे बचाव केला तरी मरण अटळ. उपाय एकच होता, 'पॅरी'. वार अंगावर येतो नेमक्या त्याच क्षणी दांडी मागे न ओढता पुढे, वाराच्या दिशेने ढकलायची. वेळ अचूक साधली तर इजा शून्य. निमिषमात्र चुकले तर सारे संपले.

१०/
जस्टिनने चुन-लीचा महाडाव सोडला : एकापाठोपाठ एक पंधरा लाथा. पहिलीच लाथ इतक्या वेगाने येते की ती पाहून प्रतिक्रिया देणे पुरत नाही. आधीच अंदाज बांधावा लागतो. दाइगोने एकेक करून पंधराही लाथा परतवल्या, शेवटची तर हवेत उडी घेऊन. खाली येताच त्याने स्वतःची वारांची मालिका जोडली आणि डाव जिंकला. त्या ध्वनिचित्रफितीत लाथांगणिक चढत जाणारा प्रेक्षकांचा जल्लोष आजही अंगावर काटा आणतो. क्षणापूर्वी जस्टिनच्या नावाने ओरडणारी गर्दी प्रतिस्पर्ध्यासाठी बेभान झाली होती.

११/
या दृश्यात ना छाती फुगवणे आहे, ना प्रतिस्पर्ध्याकडे रोखून पाहणे. बहुतेक जगाने ते पाहिले, त्यात खेळाडूचा चेहराही नाही; दिसतो तो केवळ पडदा. तरीही आत्मविश्वासाचे उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू याच फितीकडे बोट दाखवतात. सारे शरीर मागे हटायला सांगत असताना अंगठा आणि मनगट पंधरा वेळा पुढे जाते, हाच दाइगोचा शड्डू होता.

१२/
पुढचा तपशील अनेकदा गाळला जातो. दाइगो ती स्पर्धा जिंकला नाही. अंतिम फेरीत त्याला त्याचाच देशबांधव केंजी ओबाता याने हरवले. नंतर त्याने काही काळ व्हिडिओ गेम सोडले, माहजाँगमध्ये नशीब अजमावले आणि मग वृद्धांच्या शुश्रूषेचे काम केले. 'स्ट्रीट फायटर फोर' आल्यावर तो परतला आणि २००९ मध्ये इव्होचा विजेता झाला. अंतिम फेरीत समोर होता पुन्हा जस्टिन वाँग.

१३/
मग ताठ बसण्याला, खांदे मोकळे ठेवण्याला काहीच अर्थ नाही काय? २०१० मध्ये अमेरिकेतील तीन संशोधकांनी ४२ जणांवरील प्रयोगावरून असा दावा केला, की दोन मिनिटे ऐसपैस, रुबाबदार मुद्रा धारण केल्याने शरीरातील संप्रेरकेही बदलतात. हा दावा जगभर गाजला. २०१५ मध्ये २०० जणांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा संप्रेरकांत तसा बदल आढळला नाही. सहभागींना स्वतःला अधिक समर्थ वाटल्याचे मात्र पुन्हा दिसले. पुढच्याच वर्षी मूळ संशोधकांपैकी डॅना कार्नी यांनी त्या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. मुद्रा मनाला थोडा धीर देते. हाताला कसब देत नाही.

१४/
याची दक्षिण आशियाई साक्षही आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत लाहोरच्या आर्केडमध्ये घडलेला अर्सलान अ‍ॅश जपानमधील फुकुओका येथे 'टेकन सेव्हन' खेळायला उतरला, तेव्हा बाहेरच्या जगातील फार थोड्यांना तो ठाऊक होता. ना नावाचा दबदबा, ना पाठीराख्यांची फौज. तो ती स्पर्धा जिंकला. त्याच वर्षी लास व्हेगासच्या इव्होमध्ये त्याने दक्षिण कोरियाचा मातब्बर खेळाडू 'नी' याला अंतिम फेरीत नमवले. लाहोरच्या आर्केडमध्ये रोजचे प्रतिस्पर्धीच इतके तगडे होते, की परक्या मंचावर बिचकण्याचे कारण उरले नव्हते.

१५/
यंत्रापुढची खांद्याला खांदा भिडणारी गर्दी असो वा पाठीला पाठ लावलेली यंत्रे, प्रत्येक रचनेने शड्डूचे रूप बदलले, त्याची अट मात्र बदलली नाही. मांडीवर पडणाऱ्या थापेत वजन येते ते तालमीतल्या घामाने. ज्याने तो गाळलेला नसतो, त्याचा महाडाव डॅनसारखा होतो : हावभाव भरपूर, वार एकही नाही.