सागवानी पट्टी ते अग्निरोधक पेटी

जुन्या मुंबईतल्या चाळींत विजेच्या तारा सागवानी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेल्या असत. रबरी वेष्टनावर सुती वीण, स्विचमागे लाकडी गोल ठोकळा. सांधा सैल होऊन ठिणगी पडलीच, तर भोवती सगळे जळाऊच. रबरही उष्णतेने तडकत असे. सारी भिस्त चिनीमातीच्या फ्यूजवर. पण वितळलेल्या तारेजागी जाड तार घालण्याची घातक सवय अनेकांना होती. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी ग्राहकाच्या जागेतला पुरवठादाराचा कट-आउट, म्हणजे फ्यूज, अग्निरोधक, बंदिस्त पेटीत असण्याची अट घातली. ही तरतूद फार मोलाची, कारण ठिणगी पेटीतच अडते. पुढे तारांच्या वेष्टनात रबराऐवजी पीव्हीसी हे प्लास्टिक आले. ते सहज पेटत नाही, मात्र जळताना घातक वायू सोडते. म्हणून कमी धूर सोडणाऱ्या तारा निघाल्या. फ्यूजची जागा एमसीबी या आपोआप प्रवाह तोडणाऱ्या स्विचने घेतली.