हर्ष आणि हॉरर

मंडळी, 'हर्ष' हा शब्द शेवटचा कुठे वाचलात? बहुधा लग्नपत्रिकेत, नाहीतर सोसायटीच्या नोटिशीत. 'कळविण्यास अत्यंत हर्ष होतो की..' वगैरे. वाचून कुणाला काहीही होत नाही. पण हा शब्द मुळात इतका मिळमिळीत नव्हता बरं का!

संस्कृतात 'हृष्' असा धातू आहे. त्याचा एक जुना अर्थ म्हणजे केस उभे राहणे, अंगावर काटा येणे. आता गंमत बघा. लॅटिनमधलं 'होरेरे' हे क्रियापद याच घराण्यातलं, आणि अर्थही हाच. त्यापासूनच पुढे इंग्रजीत 'हॉरर' आला! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडच्या दोन ब्रँच. एक आनंदाकडे गेली, दुसरी भीतीकडे.

संस्कृतात मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. गीता उघडून बघा. पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते आणि त्याला 'रोमहर्ष' होतो. आनंद कसला, पार हातपाय गळालेत त्याचे. आणि अठराव्या अध्यायात संजय सगळा संवाद 'रोमहर्षण' होता म्हणतो, आणि तो आठवून पुन्हा पुन्हा हर्षतो. भरताच्या नाट्यशास्त्रातही रोमांचाच्या कारणांमध्ये भीती, थंडी, राग आणि हर्ष शेजारी शेजारी बसलेत.

शरीरशास्त्रही हेच सांगतं. केसाच्या मुळाशी एक चिमुकला स्नायू असतो, तो आखडला की केस उभा राहतो. हे आपल्या इच्छेवर चालत नाही. अंधारात पायाशी साप सळसळला काय किंवा भीमसेनांचा षड्ज लागला काय, स्नायू तोच!

मराठीत हर्षाचा 'हरिख' झाला. ज्ञानेश्वरीत (१२९०) तो भेटतो. आपलं 'हरखून जाणं' त्याच कुळातलं. आणि 'हर्षवायू'? आनंद फार झाला तर माणूस वेडा होऊ शकतो, हे भाषा विसरलेली नाही.

विसरलो ते आपण. नोटिशीत वापरून वापरून शब्दाचा काटा बोथट केला. मग खरोखर अंगावर काटा आला की शब्दच सापडत नाही, आणि आपण म्हणतो, "यार, गूजबंप्स आले!"

अहो, त्यालाच तर हर्ष म्हणत होते.