हाडात रुजलेला धातू

वाकडा दात सरळ करावयाचा म्हणजे त्याला ओढावयाचे; आणि ओढावयाचे तर कोठे तरी पाय रोवून उभे राहावे लागते. दंतवैद्यांची जुनी अडचण हीच. मागच्या दाढेला तार अडकवून पुढचा दात ओढू जावे, तो दाढही पुढे सरकते. कारण दात हाडात चिणलेला नसतो. दोहोंमध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो. दाब पडेल त्या बाजूचे हाड झिजते, ताण पडेल त्या बाजूस नवे धरते. ज्या गुणामुळे दात सरळ होतात, त्याच गुणामुळे आधाराची दाढही दगा देते.

मग आधार हाडाचाच का घेऊ नये? १९४५ साली अमेरिकेत गेन्सफोर्थ व हिग्ली यांनी कुत्र्यांच्या जबड्यांत व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू बसवून त्यांवर ताण दिला. १६ ते ३१ दिवसांत सारे स्क्रू निखळले. कल्पना मात्र खोटी नव्हती.

वाट सापडली ती दंतवैद्यकाबाहेर, आणि तीही अवचित. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण न्याहाळीत होते. त्यासाठी बसविलेली टायटॅनियमची कुपी महागडी. ती परत काढू गेले, तो निघेना. हाडाने तिला धरून ठेवले होते! टायटॅनियमवर हवेने ऑक्साइडचा सूक्ष्म थर चढतो व तो शरीरास खुपत नाही. म्हणून हाडाच्या पेशी त्याला लागूनच नवे हाड रचतात. अट एकच: आरंभी धातू फारसा हलता कामा नये. हलला की हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात असे खुंट बसवून त्यांवर कृत्रिम दात उभे केले.

हे ज्ञान दात सरळ करणाऱ्यांच्या हाती यावयास मात्र बराच काळ लोटला. १९८३ साली क्रीकमोर व एक्लंड यांनी एका स्त्रीच्या नाकाखालील हाडात व्हायटॅलियमचाच स्क्रू बसविला. दहा दिवसांनी त्यावर हलका ताण देऊन वर्षभरात पुढचे दात सुमारे ६ मिलिमीटर वर उचलले. स्क्रू ढळला नाही. पुढल्याच वर्षी रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी सशांच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवून, ६ ते १२ आठवडे थांबून, १०० ग्रॅमचा ताण दिला. २० पैकी १९ जागचे हलले नाहीत.

१९९७ साली जपानच्या कानोमी यांनी अवघ्या १.२ मिलिमीटर व्यासाचा स्क्रू वर्णिला. अशा बारीक स्क्रूंशी हाडाने पूर्ण एकजीव व्हावे, अशी अपेक्षाच नसते. काम झाले की ते उलटे फिरवून काढावयाचे असतात.