दावाखर्च, दंडात्मक

खोटा किंवा केवळ त्रास देण्यासाठी दावा लढवणाऱ्या, अथवा कामकाज रेंगाळत ठेवणाऱ्या पक्षकाराने प्रतिपक्षाला द्यावी म्हणून दिवाणी न्यायालय ठरवते ती रक्कम. वकिली बोलीत तिला सरसकट ‘कॉस्ट’ म्हणतात. भारतात तिचा मुख्य आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हा आहे.

सर्वसाधारण खर्च : संहितेच्या कलम ३५ नुसार खर्च सामान्यतः निकालामागे जातो, म्हणजे हरलेला पक्ष जिंकलेल्याचा खर्च देतो. न्यायालयाने तसे न केल्यास कारणे लेखी द्यावी लागतात. हा खर्च भरपाईच्या स्वरूपाचा असतो. त्यात कोर्ट फी, साक्षीदारांचा भत्ता, वकील फी इत्यादी बाबी येतात. वकील फी बहुधा नियमांतील तक्त्याप्रमाणे धरली जात असल्याने प्रत्यक्ष खर्चाचा थोडाच भाग भरून निघतो.

खोट्या दाव्याबद्दल : कलम ३५अ १९२२ साली संहितेत आले. दावा किंवा बचाव आपल्या माहितीप्रमाणे खोटा अथवा त्रासदायक आहे हे ठाऊक असूनही पक्षकाराने तो मांडला आणि पुढे तो फेटाळला गेला, सोडून दिला किंवा मागे घेतला, तर प्रतिपक्षाच्या हरकतीवरून न्यायालय भरपाईदाखल खर्च देववू शकते. दरखास्तीलाही हे कलम लागू आहे; अपील आणि पुनरीक्षण मात्र वगळले आहेत. खर्च भरला म्हणून फौजदारी जबाबदारीतून सुटका होत नाही. या रकमेची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. अपुऱ्या कारणावर अटक, जप्ती किंवा तात्पुरता मनाई हुकूम मिळवल्यास कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत वेगळी भरपाई देता येते.

विलंबाबद्दल : १९७६ च्या दुरुस्तीने कलम ३५ब घातले गेले. नेमल्या तारखेला करायचे काम न करणाऱ्या, किंवा त्यासाठी तहकुबी घेणाऱ्या पक्षकारावर हा खर्च बसतो. पुढील तारखेला तो भरल्याशिवाय वादीला दावा आणि प्रतिवादीला बचाव पुढे चालवता येत नाही. रक्कम लहान असली तरी ही अट जाचक ठरते. तथापि, खर्च न भरल्यास दावा आपोआप फेटाळला जाणे या कलमात अभिप्रेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मनोहर सिंग वि. डी. एस. शर्मा (२००९) या निकालात स्पष्ट केले.

न्यायालयांची भूमिका : विनोद सेठ वि. देविंदर बजाज (२०१०) या निकालात खर्चाची उद्दिष्टे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाव्यांना आळा घालण्याबरोबरच न्यायाची वाट अडू नये, हेही बजावले. दावा हरल्यास २५ लाख रुपये देण्याची हमी वादीकडून मागणारा उच्च न्यायालयाचा आदेश त्यात रद्द झाला. रामरामेश्वरी देवी वि. निर्मला देवी (२०११) मध्ये मात्र दीर्घकाळ रेंगाळवलेल्या प्रकरणातील अपिले २ लाख रुपये खर्चासह फेटाळली गेली. त्याच वर्षी संजीवकुमार जैन प्रकरणात, नियमांबाहेर जाऊन प्रत्यक्ष खर्च देववता येणार नाही, असे ठरले. पण कलम ३५अ ची मर्यादा किमान १ लाख रुपये असावी, असे मतही न्यायालयाने नोंदवले. विधी आयोगाचा २४० वा अहवाल (२०१२) याच विषयावर आहे.

वाणिज्यिक वाद : वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ ने विशिष्ट मूल्याच्या वाणिज्यिक वादांपुरते कलम ३५ नव्याने लिहिले आणि ३५अ मधील रकमेची मर्यादा काढून टाकली. खर्च ठरवताना पक्षकारांचे वर्तन, निरर्थक प्रतिदावा आणि तडजोडीचा वाजवी प्रस्ताव विनाकारण नाकारणे या गोष्टी तेथे विचारात घेतल्या जातात. त्यामुळे मागणी अंशतः मान्य झालेल्या वादीलाही, मागणीचा उरलेला भाग निरर्थक असल्यास, खर्च सोसावा लागू शकतो. इतर दिवाणी दाव्यांना मात्र जुनीच मर्यादा लागू असल्याने, खोट्या दाव्याचा दंड तो दावा कोणत्या न्यायालयात चालला यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहतो.