हात अनेक, अक्षर एक

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त १९व्या दशकाचा पहिलाच समास अक्षर कसे काढावे यावर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हे प्रकरण पाहून नवल वाटते. पण तेव्हा मराठी ग्रंथ नकलांवर जगत होते, हे ध्यानात घेतले की नवल ओसरते. अक्षर वाटोळे, सुटे, ठसठशीत असावे, ओळी सारख्या असाव्यात आणि ग्रंथ आरंभापासून शेवटापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, असे समर्थ सांगतात.

हाच प्रश्न आज संगणकाच्या कंपन्यांत निराळ्या वेषात उभा आहे. एकाच प्रोग्रामवर पुण्याची, हैदराबादची, बंगळूरची पोरे काम करतात. कोणी ओळ दोन घरे आत घेतो, कोणी चार. बहुतेक संगणकभाषांत यंत्राला त्याचे सोयरसुतक नसते. वाचणाऱ्या माणसाला मात्र असते, आणि उद्या दुरुस्ती त्यालाच करायची असते. म्हणून ‘लिंटर’ नावाचा तपासनीस नेमतात. तोही प्रोग्रामच. लिहिलेले ओळीओळीने वाचतो आणि ठरल्या रीतीबाहेर काही दिसले की बोट ठेवतो.

बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले तूस. (कापसाच्या धंद्यात मात्र लिंट म्हणजे खुद्द रुई, तिथे तीच मोलाची!) जॉन्सनचा लिंट मुख्यतः संशयाच्या जागा हुडकी, लिखावटीच्या सारखेपणाची चौकशी पुढच्यांनी वाढवली. जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांचा ‘जेएसलिंट’ २००२ साली आला. त्यात बरेचसे त्यांच्याच पसंतीने चाले. २०१३ साली आलेल्या निकोलस झाकस यांच्या ‘ईएसलिंट’ने नियम निवडायची मुभा ज्या त्या टीमला दिली. मला हा फरक मोठा वाटतो. सारखेपणा हवा हे सगळेच मान्य करतात. भांडण असते ते कोणाच्या रीतीने, यावर.

मराठीने हे भांडण पाहिले आहे. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, वरचा कारभार उर्दूत. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम सरकारने मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. ‘घरीं’वरचा अनुस्वार उडाला, ‘कवि’ दीर्घ होऊन ‘कवी’ झाला, ‘कविराज’ मात्र ऱ्हस्वच राहिला. महामंडळात मराठवाडा साहित्य परिषदही होती, तेव्हा नियम परक्यांनी लादले असे म्हणता येत नाही. तरी घरात दखनी आणि गल्लीत मराठवाडी बोलणाऱ्या पोराच्या वहीवर लाल शाई जरा जास्तच सांडायची.

या नियमांतले एक कलम मला फार शहाणपणाचे वाटते. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापायचे तर ते मुळाबरहुकूम छापावे, नव्या नियमांनी सुधारू नये. लिंटरातही अशी सोय असते. अमुक ओळ किंवा अमुक जुनी फाईल सोडून दे, असा शेरा लिहिता येतो; काही ठिकाणी शेजारी कारणही लिहायला लावतात.

नावांपुढे मात्र दोन्ही तपासनीस थबकतात. महंमद, मोहम्मद, मुहम्मद. एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, मतदारयादीत तिसरे. मग तो तहसिलीचे उंबरे झिजवतो. लिंटर प्रोग्रामची लिखावट पाहतो, आत भरलेल्या नोंदी नव्हे. आणि यांतले एक रूप शुद्ध ठरवून बाकीची खोडायची, तर आधी त्या माणसाला विचारायला हवे. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. त्याआधीच्या दाखल्यांवर, सातबाऱ्यांवर उस्मानाबाद आहेच. गाव एकच आहे, हे कोणी लिहून ठेवल्याशिवाय यंत्राला कळत नाही.