घोड्याचें पोट आणि शालिहोत्र

घोड्याचें सामर्थ्य सर्वांस दिसतें. त्याचें दौर्बल्य पोटांत दडलेलें असतें. देहाच्या मानानें जठर लहान, आंतडें लांबलचक, आणि ओकून टाकण्याची सोय निसर्गानें जवळजवळ ठेविलेलीच नाहीं. त्यामुळें चंदी बाधली कीं पोटशूळ उठतो, व तो कधीं कधीं प्राणावर बेततो. ज्या राज्यांचें बळ पागेवर अवलंबून, त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटणें शक्य नव्हतें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. ऋतुमानाप्रमाणें घोड्याचा आहार ठरविणें हें तेथें वैद्याचेंच काम मानलें आहे. उपचारांतील हयगयीनें रोग बळावल्यास खर्चाच्या दुप्पट दंड. वैद्याच्या चुकीनें जनावर दगावल्यास त्याची किंमत वसूल! पुढें जयदत्तसूरीनें 'अश्ववैद्यक' रचिलें. शालिहोत्र ऋषीचें नांव तर या विद्येसच चिकटलें. 'साळोत्री' हा शब्द त्याचाच अपभ्रंश होय.

हिंग, सुंठ, ओवा, सैंधव हीं साळोत्र्याचीं पाचक द्रव्यें. साध्या वायूवर त्यांचा भरंवसा धरीत. परंतु आंतड्यास पीळ पडला असतां मसाल्याचें कांहीं चालत नाहीं, तेथें शस्त्रक्रियाच हवी. १८८६ सालीं मुंबईंत पशुवैद्यकाचें कॉलेज निघालें, आणि साळोत्र्याच्या शेजारीं डॉक्टर उभा राहिला. तथापि चारा थोडाथोडा व वारंवार द्यावा, पाणी मुबलक असावें, चंदी एकाएकीं बदलूं नये, हें आजचें शास्त्रहि सांगतें. कौटिल्यानें वैद्यास आहारापासून जबाबदार धरलें, त्यांतलें मर्म हेंच: घोड्याचें खरें औषध तोबऱ्यांत जाण्यापूर्वींच ठरावें लागतें.